एक्झिबिशन प्लस कपल टूर: व्हिसाची फाईल एक नंबर, बाकी बघूनच घ्या

वाळूज-शेंद्र्याकडचे बरेच ओळखीचे विचारायलेत की ते "एक्झिबिशन प्लस कपल" पॅकेज (एकानं परदेशातलं प्रदर्शन बघायचं, जोडीदार सोबत, मग दोघांनी फिरायचं) घ्यावं का नाही, म्हणून एकदाच नीट लिहून टाकते, फोनवर दरवेळी तीच टेप वाजवायला नको. एजन्सी आपल्या संभाजीनगरचीच. नाव टाकत नाही, गाव केवढं, मालकाची न् आमची कुणाच्या तरी लग्नात गाठ पडतेच, आणि ज्यांना कळायचं त्यांना अर्ध्यातच कळेल.

आधी आमचं सांगते. वाळूजला आमचं मशीन शॉप आहे, शाफ्ट आणि गिअरचं जॉबवर्क, भावासोबत पार्टनरशिप. ऑर्डरी, मशीन, बँक सगळं मी बघते. आमचे हे कॉलेजात इतिहास शिकवायचे, आता रिटायर. म्हणजे आमच्या जोडीत कामाला जाणारी मी आणि सोबत फिरायला येणारे ते. हे ध्यानात ठेवा, पुढचा अर्धा घोळ ह्याच्यावरूनच झालाय.

जायचं होतं जर्मनीत हॅनोव्हरला, ईएमओला. मशीन टूलवाल्यांना सांगायची गरज नाही, बाकीच्यांसाठी सांगते, १९७५ ला पॅरिसमध्ये सुरू झालेलं हे मशीन टूलचं, म्हणजे धातू कापायच्या-घासायच्या मशीनचं, प्रदर्शन दोन वर्षांनी एकदा भरतं, दोनदा हॅनोव्हर मग एकदा मिलान अशी पाळी असते, आणि २०२५ चं हॅनोव्हरला २२ ते २६ सप्टेंबर होतं. मला सिलिंड्रिकल ग्राइंडर, म्हणजे गोल शाफ्ट घासून मापात आणणारं मशीन, घ्यायचाय आणि एवढा पैसा नुसत्या कॅटलॉगवर टाकायची माझी तयारी नव्हती. पॅकेजमध्ये व्हिसा, विमान, हॉटेल नाश्त्यासकट, प्रदर्शनाचा पास आणि प्रदर्शन झाल्यावर बर्लिन आणि प्राग. दोघांचं मिळून सहा लाखाच्या थोडं आत बसलं.

चांगलं ते आधी. व्हिसाचं काम बघणारा पोरगा म्हणजे सोनं आहे. शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांत, नियम असा की जिथं जायचं मुख्य कारण आहे किंवा जिथं जास्त रात्री राहणार त्याच देशाकडं अर्ज करायचा, आमचं दोन्ही अर्थानं जर्मनी. बऱ्याच एजन्सीवाले बिझनेसवाल्याला सांगतात की फिरण्याचं लिहूच नका, उगं प्रश्न विचारतील. ह्यानं उलट सांगितलं, मॅडम, कव्हर लेटरमध्ये सरळ लिहा की अमुक तारखेपर्यंत प्रदर्शन, मग नवऱ्यासोबत बर्लिन आणि प्राग, लपवण्यासारखं काही नाही फक्त तारखा, हॉटेलं आणि इन्शुरन्स एकमेकांशी जुळले पाहिजेत. आणि इन्शुरन्सचं बरं सांगितलं त्यानं, ३०,००० युरोचं कव्हर तर लागतंच पण ते फिरण्याच्या दिवसांनाही पाहिजे. नोकरीवाल्यांनी हे खास बघा, कंपनीची पॉलिसी बहुतेक वेळा कामाचे दिवस संपले की संपते.

ह्यांच्या फाईलला मॅरेज सर्टिफिकेट लागलं. आता आमचं लग्न झालं तेव्हा सर्टिफिकेट कोण काढत होतं, पत्रिका आणि अल्बम एवढाच काय तो पुरावा! ते त्या पोरानं पहिल्याच भेटीत विचारलं म्हणून हाती वेळ होता, नाहीतर ऐनवेळी सरकारी ऑफिसात खेटे घालत बसलो असतो. पुण्याला बोटांचे ठसे देऊन आलो, फी माणशी ९० युरो, जून २०२४ पासून तेवढी झालीय. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, तो करा, शेवटच्या महिन्यावर ठेवू नका. माझ्या फाईलमध्ये उद्यमचं (लघुउद्योग नोंदणीचं) सर्टिफिकेट, जीएसटी रिटर्न, बँक स्टेटमेंट आणि प्रदर्शनाचं कन्फर्मेशन, ह्यांच्यात पेन्शनची स्लिप आणि खर्च मी करणार असल्याचं माझं पत्र. ते पत्र वाचून हे दोन दिवस घरात "मालकीणबाई" म्हणत फिरत होते.

दोघांचे व्हिसे एकदम आले. इथपर्यंत पैकीच्या पैकी.

मग बिल आलं. दोघांचं मिळून एकच, "युरोप टूर पॅकेज" म्हणून. माझ्या सीएनं कपाळाला हात लावला. माझं जाणं धंद्यासाठी, माझा त्या दिवसांचा खर्च पुस्तकात टाकता येतो, पण ह्यांचं तिकीट आणि बर्लिन-प्राग हा घरचा खर्च आहे, तो कंपनीच्या माथी मारता येत नाही. एका बिलात सगळं कालवलं तर वेगळं करायचं कसं? चार वेळा मागे लागून बिलं वेगळी करून घेतली. आणि अजून एक, परदेशाचं टूर पॅकेज म्हटलं की टीसीएस, म्हणजे विकणाऱ्यानं आपल्याकडून आधीच घेतलेला कर, लागतो, तेव्हा १० लाखापर्यंत ५ टक्के होता. तो पैसा बुडत नाही, रिटर्न भरताना वळता होतो, पण तोपर्यंत अडकून पडतो. नुसतं विमानाचं तिकीट घेतलं किंवा नुसतं हॉटेल घेतलं तर ते पॅकेज धरत नाहीत, तिकीट, राहणं, बाकी खर्च ह्यातल्या दोन गोष्टी एकत्र विकल्या की पॅकेज होतं. हे एजन्सीवाला आपण होऊन सांगत नाही. का सांगेल?

आता मुख्य गंमत. हॉटेलवर पोचलो, रिसेप्शनला आमच्या नावाचं पाकीट ठेवलेलं. उघडून बघते तर प्रदर्शनाचा पास ह्यांच्या नावावर, खाली माझ्या कंपनीचं नाव. आणि माझ्या नावावर काय, तर "लेडीज प्रोग्राम", त्यात शॉपिंग वॉक आणि परफ्यूमच्या दुकानाला भेट! फाईल सगळी माझ्या नावानं, कंपनी माझी, पत्र माझं, तरी पास काढणाऱ्यानं डोळे झाकून "साहेबांचा" पास काढला. लगेच फोन लावला तर तिकडून उत्तर, "मॅडम, आपल्याकडून नेहमी साहेबच जातात ना, मिसेस सोबत असतात." चूक झाली असं काही म्हणेना. पहिल्या दिवशी गेटवरच्या काउंटरला जाऊन माझ्या नावानं नवीन पास करून घेतला, तिथल्या बाईनं फार चांगलं केलं, पण सकाळची दोन अपॉइंटमेंट गेली ती गेलीच, त्यातला एक ग्राइंडरवाला पुढं भेटलाच नाही.

हे म्हणाले मी जातो परफ्यूमला, काय हरकत आहे. गेले नाहीत अर्थात.

ह्यावरून मला ह्या पॅकेजांचं खरं दुखणं कळलं. ज्याच्याकडं पास आहे त्याचा दिवस सकाळी आठपासून आखलेला, आणि सोबत आलेल्या माणसाच्या रकान्यात रोज "ॲट लीझर", म्हणजे मोकळा वेळ. बाई असली तर त्यात बाजार कोंबायचा, पुरुष असला तर त्याचा विचारच केलेला नाही. दिवसभर परक्या गावात त्या माणसानं करायचं काय? तो हॉटेलात टीव्ही बघत बसला तर संध्याकाळी तुम्ही पाय दुखत परत आल्यावर दोघांचीही तोंडं वाकडी. सोबतच्याचे दिवस चांगले गेले तरच जोडीनं गेल्याचा उपयोग, प्रदर्शनवाल्याला तर काय दिवसभर माणसं आणि मशीन असतातच.

आमचं निभलं ते ह्यांच्यामुळं आणि थोडं हॉटेलमुळं. हॉटेलची पण कथाच. माहितीपत्रकात "हॅनोव्हर रीजन" लिहिलेलं आणि प्रत्यक्षात निघालं हिल्डेसहाईम, तीस-एक किलोमीटर लांब. मी भांडायच्या तयारीत होते. पण हॅनोव्हरचं असं आहे की मोठ्या प्रदर्शनाच्या दिवसांत तिथं हॉटेलचे भाव आभाळाला टेकतात, १९४७ ला त्या गावात पहिलं मोठं प्रदर्शन (ईएमओ नव्हे) भरलं तेव्हापासून तिथली साधी घरंदारं पाहुण्यांना खोल्या भाड्यानं देत आलीत. त्यामानानं हिल्डेसहाईम स्वस्त, आणि तिथून निघणारी एस-४ लोकल थेट प्रदर्शनाजवळच्या मेसे-लात्सेन स्टेशनला थांबते, उतरलं की वरून झाकलेला सरकत्या पट्ट्यांचा पूल, चालत चालत गेटवर. पहिल्या दिवसानंतर माझी काहीच तक्रार नव्हती. फक्त आधी सांगा ना बाबा, फसवल्यासारखं कशाला करायचं.

आणि खरं सांगू का, ह्या सगळ्या ट्रिपमध्ये मला सगळ्यात जास्त काय आवडलं तर ह्याच गावातला एक दरवाजा. एजन्सीच्या कागदावर त्याचा उल्लेखसुद्धा नाही. तिथलं डोम म्हणजे मोठं चर्च, युनेस्कोच्या यादीत १९८५ पासून. हे दिवसा जाऊन आले आणि रात्री जेवताना म्हणाले उद्या तू हॉल लवकर सोड, तुझ्या कामाचं आहे. मी म्हटलं चर्चमध्ये माझ्या कामाचं काय असणार. गेले. समोर काशाचा, म्हणजे ब्राँझचा, दोन पल्ल्यांचा दरवाजा, पावणेपाच मीटरच्या आसपास उंच, साल १०१५. आणि प्रत्येक पल्ला एका ओतणीत केलेला, जोड नाही, वेल्ड नाही, पावणेदोन टनाच्या वरचं एकसंध कास्टिंग! त्यावर बायबलातल्या गोष्टींचे सोळा चौकोन, आदम-ईव्हपासून, आणि माणसांची अंगं पत्र्यातून निघून पुढं झुकलीत, डोकी तर जवळपास सुटी. आम्ही पंचवीस किलोचं कास्टिंग मागवतो त्यात ब्लो होल, म्हणजे हवेची भोकं, निघतात म्हणून फौंड्रीवाल्याशी भांडतो. हजार वर्षांपूर्वी ह्या लोकांनी एवढा रस एका दमात वितळवला कसा, साच्यात पोचेपर्यंत गोठला कसा नाही, पातळ जागी भरला कसा, मी वाकून वाकून कडा बघत होते आणि तिथला माणूस माझ्याकडं संशयानं बघत होता. ह्यांनी मग मला मागच्या बाजूला नेलं, भिंतीवर चढलेला गुलाबाचा वेल, हजार वर्षांचा म्हणतात. मार्च १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात चर्च पडलं, वेल जळून ढिगाऱ्याखाली गेला आणि मुळातून परत फुटला. हे त्यांचं आवडतं, माझं दरवाजा.

प्रदर्शनाचं इथं फार लिहीत नाही, ते वेगळं कधीतरी. हॉल एवढे मोठे की चालायचे बूट घेऊनच जा, आणि दोन गोष्टी ठरवून जा, सगळं बघायचं मनात आणलं तर काहीच होत नाही. ग्राइंडर पसंत पडलाय, बोलणं चालूय.

मी हॉलमध्ये असताना ह्यांनी हॅनोव्हर पालथं घातलं. लोक हॅनोव्हरला फिरायला जात नाहीत, बोअर गाव म्हणतात. पण रस्त्यावर लाल रंगाची एक पट्टी मारलीय, ४.२ किलोमीटर, तिच्यामागं नुसतं चालत राहायचं, ३६ ठिकाणं होतात. गाईड नाही, बस नाही, खर्च नाही. ह्यांना त्यातलं नवं टाऊन हॉल एवढं भावलं की दोनदा गेले. नवं म्हणजे १९१३ चं. आत शहराचे चार मॉडेल ठेवलेत, १६८९ चं, १९३९ चं, १९४५ चं आणि आत्ताचं, १९३९ च्या भरल्या गावावरून नजर काढून शेजारच्या १९४५ वर टाकली की नुसत्या छत नसलेल्या भिंती. हे म्हणाले वर्गात तीस वर्षं जे सांगत आलो ते एका टेबलावर बघितलं. तिथलीच लिफ्ट घुमटाच्या वळणाबरोबर वाकडी वर जाते, तिरकी, ते ऐकून मला नाही जायला मिळालं ह्याची चुटपुट लागली. जवळच युद्धात पडलेलं एक चर्च तसंच उघडं ठेवलंय, त्यात हिरोशिमानं दिलेली घंटा आहे. मग लायब्निझची समाधी, कॅल्क्युलसवाला लायब्निझ, तो ह्याच गावात राहिला, आणि त्याच्या नावाचे बिस्किटं पण इथलेच, ते आम्ही रोज चहासोबत संपवले.

जेवणाचं मराठवाडी माणसाला आधी विचारायचं असतं, सांगते. पॅकेजात रात्री "इंडियन डिनर"ची कुपनं होती, ते हॉटेल हॅनोव्हरात आणि आम्ही हिल्डेसहाईमला, म्हणजे पनीर खायला रोज गाडी उशिराची धरा. दोनदा गेलो मग सोडून दिलं. धपाटे, शेंगाची चटणी आणि येसरचं पाकीट घरून नेलेलं, खोलीत केटल होती, येसर गरम पाण्यात ढवळून आमटी म्हणून प्यायलो, चाललं. एजन्सीच्या सूचनांमध्ये "तूप, पेढे, मिठाई सोबत ठेवा" असं छापलंय ते मात्र साफ चुकीचंय, बाहेरून युरोपात येताना दूध-मांसाचे पदार्थ सोबत आणता येत नाहीत, त्यात तूप-पेढे आलेच. पाणी नळाचं बिनधास्त प्या. बाटली विकत घेतली तर २५ सेंट डिपॉझिट वर लागतं, रिकामी बाटली सुपरमार्केटमधल्या मशीनमध्ये टाकली की चिठ्ठी येते तेवढे पैसे परत. ह्यांना त्या मशीनचं एवढं वेड लागलं की लोकांच्या बाटल्यांकडं पण बघायला लागले.

बर्लिनला गाडीनं दीड-पावणेदोन तासात. इथं एजन्सीनं गृहपाठ केलेला नाही हे उघडं पडलं. कागदावर "राइशटाग डोम व्हिजिट" छापलेलं. ते संसदेवरचं काचेचं घुमट, फुकट आहे पण आधी नाव आणि जन्मतारीख देऊन नोंदणी लागते, पासपोर्ट बघूनच आत सोडतात. नोंदणी कुणी केली? कुणीच नाही. जवळच्या काउंटरला लाईन लावून संध्याकाळची वेळ मिळाली आणि वरून उजेड मावळताना शहर बघितलं ते झकासच झालं, पण त्यात एजन्सीचं काही श्रेय नाही, दुपार आमची गेली.

आणि रविवार. रविवारी लिहिलंय "शॉपिंग ॲट लीझर". अहो जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात! वर्षातले मोजके रविवार सोडले तर मॉल काय न् कपड्याचं दुकान काय, सगळं कुलूप. स्टेशनातली दुकानं तेवढी चालू. ज्यानं आयुष्यात एकदा जर्मनीचा नकाशा बघितलाय तो तरी असं लिहील का. नाश्त्याला भेटलेल्या एका पुण्याच्या जोडीनं सांगितलं मावरपार्कला जा, तिथं रविवारी जुना बाजार भरतो. बर्लिनची भिंत जिथून जायची तिथलंच मैदान. जुने बिल्ले, कॅमेरे, चमचे, आणि एका म्हाताऱ्याच्या टेबलावर हत्यारं. त्यात स्टीलचं जुनं व्हर्निअर, बारीक मापं घ्यायचं. उचललं, जबडे मिटवून उन्हाकडं धरलं, उजेडाची रेघसुद्धा नाही, शून्याला शून्य बरोबर. म्हाताऱ्यानं माझं बघणं बघितलं आणि बोटांनी भाव सांगितला, मी बोटांनी कमी केला, तो हसला आणि देऊन टाकलं. आता शॉपमध्ये क्वालिटीच्या टेबलावर आहे, पोरांना हात लावू देत नाही. तिथून बेर्नाउअर रस्त्याला चालत गेलो, भिंतीचा तुकडा आणि मधली मोकळी पट्टी तशीच ठेवलीय. १९६१ ते १९८९, हे बोलत राहिले, मी ऐकत राहिले, बऱ्याच वर्षांनी एवढं निवांत.

प्राग देखणं आहे पण त्यात एक दिवस वाढवून एक शहर कमी केलं असतं तर बरं झालं असतं. १४१० चं घड्याळ बघायला माझ्यासारखीला वेळ लागतो, गाईड म्हणे चला चला. तिथं युरो नाही, कोरुना चालतो, हे एजन्सीनं सांगितलं नव्हतं, रस्त्यावरच्या मनी चेंजरकडं जाऊ नका, सरळ कार्ड वापरा. चार्ल्स पुलावर गर्दी एवढी की पूल दिसत नाही, पहाटे जा.

मुंबईपर्यंत मात्र घरून गाडी होती, समृद्धीवरून, ती वेळेवर आली-गेली, ड्रायव्हर चांगला. आम्ही गेलो तेव्हा पासपोर्टवर साधा शिक्का बसायचा, १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिकडं ईईएस म्हणून ठसे-फोटोचं नवीन सुरू झालंय, त्यात वेळ जाऊ शकतो, तेव्हा पुढचं कनेक्शन घट्ट घेऊ नका.

तर घ्यावं का? कंपनीकडून पहिल्यांदाच जायलेत, कागदपत्रांची भीती वाटती, त्यांनी फक्त व्हिसा आणि इन्शुरन्सचं काम ह्या एजन्सीला द्या, डोळे झाकून. हॉटेल आणि गाड्या स्वतः बुक करा, आणि बुक करायच्या आधी प्रदर्शनात न जाणाऱ्या माणसाला विचारा की तुला दिवसभर काय बघायचंय, त्यावरून गाव ठरवा. पूर्ण पॅकेजच घ्यायचं असेल तर पास कुणाच्या नावावर आहे, हॉटेल कुठल्या गावात आहे आणि बिल दोघांचं एकच होणार की वेगवेगळं हे तिन्ही लेखी घ्या. बायका उद्योजक असतील तर पास दोनदा तपासा. पाचपैकी तीन, त्यातले अडीच त्या व्हिसाच्या पोराचे.

२०२७ ला पाळी मिलानची आहे आणि ह्यांनी आत्ताच वाचायला सुरुवात केलीय. लेडीज प्रोग्राम आणि न वापरलेल्या जेवणाच्या कुपनांचे पैसे परत मागितलेत, परवा फोन केला तर "बघतो मॅडम, साहेबांना नमस्कार सांगा" म्हणे.